मैनाची टोपी

"पहिले तो सारसचा बोर्ड काढ, मंग चहा दे," कवडूजी म्हणाले आणि बाकावर न बसता तसेच उभे राहिले.

बसस्टँडसमोरच्या टपरीवर गौतम चहा गाळत होता. त्याच्या गल्ल्यावर मोबाइलनं पैसे घ्यायचे दोन बोर्ड एकमेकांना खेटून उभे होते. एकावर आकाशी रंगाची मैना, दुसऱ्यावर एका पायावर उभा असलेला सारस. गौतमचं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलात जी कंपनी असेल तिचे पैसे तो घेतो, त्याला दोन्ही सारख्याच. हे ऐकून कवडूजींना मनापासून वाईट वाटलं. गौतम पांढुर्ण्याचा, त्याचा बाप पांढुर्ण्याचा, आणि बोलतो असं की जणू माणसाला बाजू नसतेच.

"राहू द्या ना भाऊजी," बाकावर बसलेला हेमराज म्हणाला. "मैनाच भारी आहे. मानलं मी. बसा तुमी."

कवडूजी बसले, पण चहा त्यांना गोड लागला नाही. गेले काही महिने हेमराज असाच हरत होता. भांडणाला तोंड फुटण्याआधीच मान्य करून मोकळा व्हायचा. अशा जिंकण्यात काय मजा असते?

मैना आणि सारस या बंगलोरच्या दोन कंपन्या. दोघीही मोबाइलातून पैसे पाठवतात, किराणा, कपडे, औषधं घरपोच आणून देतात आणि न मागता कर्जही देऊ करतात. एकीनं सवलत काढली की दुसरी लगेच तीच काढते. बाकी जगाला त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. कवडूजींना मात्र मैना आपली आणि सारस समोरची, हे दिवसाच्या उजेडाइतकं स्वच्छ होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा चेतन मैनामध्ये होता, आणि त्यांचा साळा हेमराज, त्याचा मुलगा सुमेध सारसमध्ये. त्यात हेमराज पडला सावरगावचा.

सावरगावचा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा उभं राहतं, दुसऱ्या काठावर सावरगाव. मध्ये पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधलेला असतो, आणि तो हाती येईस्तोवर दोन्हीकडून गोटे चालतात. सरकारनं बंद करून पाहिलं, रबराचे चेंडू देऊन पाहिलं, आता पोलिसांचे ड्रोन डोक्यावर भिरभिरतात, पण गोटे काही थांबले नाहीत. इथे बाजू निवडायची नसते. ज्या काठावर जन्मलात तो तुमचा. दुसऱ्या दिवशी त्याच पुलावरून एकमेकांकडे दूध घालायचं, सोयरिकी जुळवायच्या, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कवडूजींच्या डाव्या भुवईवर तरुणपणातली खोक आहे. ती कोणाच्या गोट्यानं पडली हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्या माणसाच्या मुलीच्या लग्नात ते पंगतीत वाढायलाही होते.

त्यांची बायको गुलाबबाई सावरगावची. हेमराज तिचा धाकटा भाऊ. लग्न करून ती पुलाच्या अलीकडे आली त्या वर्षापासून गोटमारीच्या दिवशी घराचं दार लावून आत बसते. गॅस पेटवत नाही. एका वाटीत हळद आणि तूप कालवून ठेवते. संध्याकाळी झेंडा पडला की नवरा नदीवरून येतो, भाऊ पूल ओलांडून तोंड दाखवायला येतो. ती दोघांच्या केसांतून बोटं फिरवून पाहते आणि विचारते, "लागलं तं नाही ना कुठं?" मग चूल पेटते. आता दोघांनीही गोटा हातात धरायचं सोडून जमाना झाला. दोघं काठावर उभं राहून नुसते ओरडतात. गुलाबबाईंनी वाटी कालवायचं मात्र सोडलं नाही.

मैनाची टोपी कवडूजींच्या डोक्यावर कशी आली तेही सांगितलं पाहिजे. कवडूजी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. सायकलवर फिरून वॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. त्यामुळे गावातली प्रत्येक गल्ली त्यांच्या पायाखालची. चेतनचं मैनामधलं काम पत्त्यांचं होतं. छोट्या गावात घराला नंबर नसतो, असला तरी तो घरच्यांनाच माहीत नसतो. माल पोचवणाऱ्याला समजेल असा पत्ता कंपनीला हवा असायचा. एका दिवाळीत चेतन बापाला समोर बसवून म्हणाला की बाबा, तुम्ही कोणाला घर सांगाल तसं एकेक घर सांगत जा, मी रेकॉर्ड करतो. कवडूजी सांगत सुटले. कुठे पार, कुठे जुनी टाकी, कुठे बंद पडलेली जिनिंग, कुणाच्या दारात कोणतं झाड. चार सकाळी लागल्या. त्यांचं आख्खं पांढुर्णा कंपनीच्या पोटात गेलं. नंतर चेतननं टोपी पाठवली, आकाशी, पुढे मैना काढलेली. ती त्यांनी घातली ती घातलीच. सोयऱ्यांच्या तेरवीलाही घालून गेले तेव्हा गुलाबबाईंनी डोळे वटारले, पण टोपी उतरली नाही.

टोपी आल्यावर टपरीवरची भांडणं रंगायला लागली. हेमराज सावरगावच्या शाळेतून निवृत्त झालेला, रोज दोन पेपर वाचणारा. तो म्हणायचा, मैना तोट्यात चालते, आज स्वस्त देऊन उद्या सगळी दुकानं बसवणार. कवडूजी म्हणायचे, मग सारस काय धर्मादाय चालवते? हेमराज म्हणायचा, मैनामध्ये जपान्यांचा पैसा आहे. कवडूजी म्हणायचे, जपानी चालतात, ते कष्टाळू लोक आहेत. सारसवाले लोकांची माहिती विकतात, असंही त्यांनी एकदा ठोकून दिलं. काय माहिती, कोणाला विकतात, हे गौतमनं विचारल्यावर ते गडबडले, पण माघार घेतली नाही. घरात सारसचं नाव काढायची बंदी होती. सावरगावच्या भाचीनं सारसवरून पाठवलेली साडी त्यांनी परत पाठवायला लावली. गुलाबबाईंना ती आवडली होती, हे कवडूजींना नंतर कळलं.

यंदाच्या उन्हाळ्यात चेतन घरी येऊन राहिला. कंपनीनं घरून काम करायला सांगितलंय म्हणाला. वरच्या खोलीत तो सकाळपासून लॅपटॉप उघडून बसायचा. कवडूजींनी कूलर खालून वर नेला. गल्लीत पोरं क्रिकेट खेळायला लागली की ते टोपी घालून बाहेर जायचे आणि मैनाचं काम सुरू आहे म्हणून त्यांना हाकलायचे. जेवणाचं ताट वर जायचं. चेतन नीट जेवत नव्हता, पण एवढ्या मोठ्या कंपनीचा ताण असणारच, असं कवडूजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पाऊस लागला तसा तो बंगलोरला परत गेला.

पोळ्याच्या दिवशी सकाळी प्रफुल्ल नावाचा डिलिव्हरीवाला दारात उभा राहिला. गाडीवर मैनाची पिशवी, तिच्यावर सारसची पिशवी. तोही दोन्हीकडचा. त्यानं पुढे केलेल्या खोक्यावर सारस छापलेला होता. कवडूजींनी हात मागे घेतले. पत्ता चुकला म्हणाले. प्रफुल्लनं मोबाइल काढून पत्ता वाचून दाखवला. मारुतीच्या पारामागची गल्ली, जुन्या टाकीपासून डाव्या अंगाला, कडुनिंबाचं घर.

हे तर कवडूजींचंच बोलणं होतं. जसंच्या तसं, "डाव्या अंगाला" सकट. त्यांनी ते मैनाला सांगितलं होतं. ते सारसच्या मोबाइलात कसं आलं?

"हे चोरलेलं आहे," ते म्हणाले.

प्रफुल्लला बिचाऱ्याला काही समजेना. तो म्हणाला, "मले काय माहीत काकाजी. सारसमध्ये ज्याचा पोरगा कामाले असते, त्याच्या घरी हा सणाचा डबा येते. गुरुजीकडे आत्ताच देऊन आलो, असाच."

मग कवडूजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुरुजी म्हणजे हेमराज. डबा हेमराजचा, सोयरे म्हणून मशीननं दोन घरं एकत्र केली आणि दुसरा डबा इकडे पाठवला. सारसला साधा पत्ता कळत नाही, वर चोरीही करते. उद्या टपरीवर सांगायला चांगला मुद्दा मिळाला म्हणून ते खूश झाले. हेमराज आता तरी भांडेल. त्यांनी प्रफुल्लला समजावून सांगितलं की बाबा, यात तुझी चूक नाही, डबा परत ने आणि तुझ्या कंपनीला म्हणावं माणसं ओळखायला शिक. प्रफुल्लनं गाडीला किक मारली.

"प्रफुल्ल, थांब बापा," आतून आवाज आला. गुलाबबाई पुरणाचे हात घेऊन बाहेर आल्या. "दे तो डबा. आमचाच आहे."

गाडी गेल्यावर त्या डबा घेऊन आत गेल्या आणि पाटावर बसून पुरण वाटता वाटता सगळं सांगून टाकलं. होळीच्या आसपास मैनानं चेतनचं आख्खं पथक काढून टाकलं. उन्हाळाभर तो वरच्या खोलीत बसून नोकऱ्या शोधत होता. सुमेधनं सारसमध्ये शब्द टाकला तेव्हा कुठे त्याला बोलावणं आलं. आता तो सारसमध्येच आहे. डब्यासाठी घरचा पत्ता मागितला तेव्हा त्यानं बाबा सांगतात तसाच लिहून दिला.

कवडूजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांना सगळे शब्द समजत होते, पण जुळत नव्हते.

"कोनं काढलं त्याले?"

"कोनं नाही. सकाळी उठला तं त्याचा कम्प्युटरच उघडेना. मेल आला होता म्हने."

"सही कोनाची होती?"

"सही नव्हती म्हने."

हे त्यांना सर्वांत अवघड गेलं. नगरपालिकेत असताना त्यांनाही एकदा काढायचं घाटत होतं. तेव्हा साहेबानं केबिनमध्ये बोलावलं होतं, तोंडावर शिव्या दिल्या होत्या, आणि कवडूजींनीही दोन दिल्या होत्या. नोकरी राहिली. साहेबाचं नाव त्यांना अजून पाठ आहे. चेतननं कोणाला शिव्या द्यायच्या? पथकाची गरज का राहिली नाही, हेही गुलाबबाईंनी मुलाकडून ऐकलं होतं तसं सांगितलं. इतक्या पत्त्यांवरून मशीन शिकलं, आता गल्ल्या त्याला आपोआप समजतात, माणूस लागत नाही. यापुढचं त्या बोलल्या नाहीत. पण ते मशीन कोणाच्या तोंडून शिकलं हे कवडूजींना दुपारी जेवायला बसल्यावर, पुरणपोळीचा घास घेता घेता स्वतःच सुचलं, आणि तो घास बराच वेळ तोंडातच राहिला.

"हेमराजले माहीत होतं?"

"त्यानंच तं सुमेधच्या मांगं लागून त्याले लावलं."

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

गुलाबबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कसं सांगावं? तुमच्या डोक्यावर टोपी होती."

त्या दिवशी चेतनचा फोन आला तेव्हा कवडूजी बैल पाहायला जातो म्हणून बाहेर पडले. बैलांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते रागावले होते हे खरं, पण कोणावर, याचा पत्ता लागत नव्हता. मुलावर रागवावं तर तो मार खाऊन आलेला. मैनावर रागवावं तर तिच्यासाठी ते इतकी वर्षं घसा फोडत होते. सारसनं तर त्यांच्या मुलाला घरात घेतलं. आणि हेमराज? तो हरत होता तो का, हे आता कळलं. त्याला तर तोंड दाखवायचीच लाज वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं टोपी घालून ते नदीवर गेले. दोन्ही काठ माणसांनी काळे झाले होते. ढोल वाजत होते, पात्रातल्या पळसावर झेंडा फडफडत होता, वर ड्रोन घोंगावत होता आणि गोटे सुरू झालेले होते. नेहमीच्या जागी उभं राहून त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या मांडवाकडे लक्ष गेलं. पाणी वाटायचा मांडव होता, त्यावर सारसचा भलामोठा फलक. पांढुर्ण्याच्या काठावर सारस. त्यांनी हाताचा आडोसा करून पलीकडे पाहिलं. तिकडे सावरगावच्या काठावर तसाच मांडव, आणि त्यावर आकाशी मैना. पाणी मात्र दोन्हीकडे सगळेच पीत होते. कवडूजींनी आपल्या काठावरचं पोट्टं धरून विचारलं की हे उलटं कोणी लावलं. त्यानं गोटा भिरकावला आणि म्हणाला, ज्याले जशी जागा भेटली तशी लावली असन काकाजी.

पलीकडे मैनाच्या मांडवाखाली हेमराज उभा असलेला त्यांना दिसला. त्याच्या खांद्याला सारसची पिशवी होती. तोही ओरडत नव्हता. इकडेच पाहत होता. कवडूजींनी टोपी काढून हातात घेतली. मग घडी करून खिशात कोंबली. एक गोटा उसळत येऊन त्यांच्या पायाशी पडला, तरी ते हलले नाहीत. शेवटी एका पोलिसानं दंडाला धरून त्यांना बाजूला केलं.

झेंडा पडायच्या आत ते कधी घरी आले नव्हते. दार वाजलं तेव्हा गुलाबबाई घाबरल्याच. कडी काढून आधी त्यांनी कवडूजींचं डोकं चाचपलं. काही लागलं नव्हतं. मग पुन्हा कडी लावली आणि दोघं अंधाऱ्या खोलीत खाटेवर बसून राहिले. नदीवरचा गलका इथपर्यंत येत होता, मधूनच वाढायचा, मधूनच ओसरायचा. कवडूजींना वाटायचं, दाराआड ही झोपत असेल. इतक्या वर्षांत हा आवाज आतून कसा ऐकू येतो ते त्यांना माहीतच नव्हतं. आतून कोण आपलं ओरडतंय आणि कोण समोरचं, काही कळत नाही. सगळं सारखंच ऐकू येतं.

"गुलाब," ते म्हणाले, "तू कोनाकडून असते? आजच्या दिवशी?"

हा प्रश्न लग्नानंतर पहिल्यांदाच विचारला गेला होता. गुलाबबाईंना त्याचं नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"मी संध्याकाळची वाट पाहून राहते," त्या म्हणाल्या.

कवडूजींनी खिशातली टोपी काढून खुंटीला अडकवली. थोड्या वेळानं ती घसरून खाली पडली, मग उचलून पुन्हा अडकवली.

संध्याकाळी गलका थांबला आणि हेमराज आला. पिशवी खांद्याला नव्हती. येताना गर्दीत धक्का लागून कोपर खरचटलं होतं, तेवढंच. गुलाबबाईंनी त्याला खाली बसवलं, केसांतून बोटं फिरवली, कोपराला हळद लावली. तो लहान मुलासारखा मान खाली घालून बसून राहिला. दरवर्षी या वेळी कवडूजी झेंड्यावरून त्याची टर उडवायचे. झेंडा कोणी नेला हे आज त्यांनी विचारलं नाही.

"हेमराज," ते म्हणाले, "आता मी कोनाकडून बोलू?"

हेमराजनं बहिणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तेव्हा तो हळूहळू बोलला. सुमेधनं त्याला सांगितलं होतं की दोन्ही कंपन्यांमध्ये सगळ्यात मोठा पैसा एकाच जपानी गुंतवणूकदाराचा आहे. एक हरली तरी त्याचंच, दुसरी हरली तरी त्याचंच.

"हे कधीपासून?"

"पहिलेपासून."

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग तू माह्यासंगं भांडत काऊन होता?"

"तुमी भांडत होते म्हून," हेमराज म्हणाला. "अन् मले बी करमत नव्हतं भाऊजी, रिटायर झाल्यावर."

कवडूजींनी पाण्याचा तांब्या हेमराजपुढे सरकवला. हेमराजनं खुंटीकडे पाहिलं आणि म्हणाला की उद्या टोपी घालून या, नाहीतर गौतमला वाटेल आपलं फाटलं.

तेवढ्यात गुलाबबाईंचा मोबाइल वाजला. गोटमारीच्या संध्याकाळी चेतन व्हिडिओ कॉल करतोच. सगळे ठीक आहेत ना, एवढं पाहायला. आईला पाहिलं, मामाचं कोपर पाहिलं, आणि मग बाबा कुठे आहेत, असं त्यानं जरा भीतभीतच विचारलं. गुलाबबाईंनी मोबाइल नवऱ्यापुढे धरला. कवडूजींनी मुलाचा चेहरा पाहिला. उन्हाळ्यात तो वरच्या खोलीत डोळ्यांसमोर होता, पण त्याची गालफडं इतकी बसली आहेत हे त्यांनी तेव्हा पाहिलंच नव्हतं. चेतन घाईघाईनं बोलायला लागला की बाबा, मी तुम्हाला सांगणारच होतो, सारसमध्ये मी काही कायमचा नाही, पुढे मागे मैनामध्ये परत...

कवडूजींनी त्याला मध्येच थांबवलं.

"लागलं तं नाही ना कुठं?"

चेतन आधी हसला. म्हणाला, मी तर इथे आहे बाबा, बंगलोरला, मला कसं लागेल. कवडूजी त्याच्याकडे पाहतच राहिले. मग चेतनचं हसू थांबलं. तो एकदम लहान दिसायला लागला.

"थोडं लागलं, बाबा," तो म्हणाला.

"कुठं, पाहू," म्हणत गुलाबबाईंनी हात पुढे केला आणि त्याच्या कपाळावरून, भुवईवरून, केसांवरून बोटं फिरवली. फोन ठेवायच्या लाल खुणेवर बोट दाबलं गेलं आणि फोन कटला. काचेवर हळदीची तीन बोटं उमटली होती. चेतनचा पुन्हा फोन येईपर्यंत तिघंही त्याकडे पाहत बसले, आणि ती पुसायला कोणी हात लावला नाही.